माळ्यावरची जागा : डॉसच्या वरच्या मेमरीची डागडुजी

मंडळी, आपल्यापैकी बऱ्याच घरांच्या बेसमेंटमध्ये एक पिवळट पडलेले यंत्र अजून उभे आहे. ३८६ किंवा ४८६, शेजारी जड मॉनिटर, वर धूळ. ते फेकवत नाही, कारण त्यात काहीतरी आहे. कुणाचे १९९२ पासूनचे हिशेब, कुणाची मंडळाची जुनी सभासद-यादी, कुणाच्या वडिलांनी इथे आल्यावर चिकाटीने टंकलेल्या आठवणी. मुले विचारतात, "बाबा, यातले बाहेर कसे काढायचे?" आणि बाबा म्हणतात, "बघू कधीतरी." हा लेख त्या 'कधीतरी'साठी आहे. हार्ड डिस्क वाट पाहत बसत नाही, आणि जुना डॉस प्रोग्रॅम "मेमरी अपुरी आहे" म्हणून अडून बसला, तर त्याची समजूत कशी काढायची हे माहीत असणारी माणसेही आता पन्नाशीकडे झुकली आहेत. मी त्यांतलाच एक. १९९४ साली पुण्यात अकरावीत असताना ही विद्या शिकलो. पुढे इंजिनिअरिंगमध्ये डॉक्टरेट झाली, पण आजही कुणाच्या घरी जेवायला गेलो की मला बेसमेंटमध्ये नेले जाते ते या अकरावीतल्या विद्येसाठीच!

एक खुलासा आधी. आपली पुरवणी संपूर्ण देवनागरीत असल्यामुळे संगणकाच्या आज्ञा मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितो आहे. टंकताना अर्थातच त्या रोमन लिपीत टंकायच्या.

घराचा नकाशा

दुखणे समजायचे तर घराचा नकाशा आधी पाहायला हवा. ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमने आपला पीसी बाजारात आणला. त्यातल्या इंटेल ८०८८ या प्रोसेसरला पत्त्याच्या २० तारा होत्या. प्रत्येक तारेवर शून्य किंवा एक, म्हणजे एकूण पत्ते दोनाचा विसावा घात, १०,४८,५७६. यालाच आपण एक मेगाबाइट म्हणतो. त्या काळी यंत्रे १६ किंवा ६४ किलोबाइट मेमरीवर विकली जात, तेव्हा एक मेगाबाइट म्हणजे पेशव्यांचा वाडाच वाटला असणार.

या १०२४ किलोबाइटांची आयबीएमने वाटणी केली. खालचे ६४० किलोबाइट प्रोग्रॅमना राहायला आणि वरचे ३८४ यंत्राच्या स्वतःच्या सामानाला. खालच्या भागाला कन्व्हेन्शनल मेमरी म्हणतात, वरच्याला अप्पर मेमरी. मी तिला माळा म्हणतो. खाली माणसे राहतात. वर माळ्यावर घरमालकाच्या ट्रंका, गाद्या, दिवाळीचे कंदील. माळा भाडेकरूचा नाही, असा करारच होता.

माळ्यावर कोणती ट्रंक कुठे आहे, हे पुढे उपयोगी पडते म्हणून सांगतो. पत्ते सोळा अंकांच्या हेक्स पद्धतीत लिहितात. नवानंतर ए, बी, सी असे एफपर्यंत. ६४० किलोबाइट संपतात तिथे ए००० सुरू होतो. सोयीसाठी शेवटचे शून्य गाळून चार अंकी पत्ता लिहिण्याची रीत आहे. ए००० ते एएफएफएफ हा रंगीत चित्रांचा पट्टा, बी००० ते बी७एफएफ जुन्या एकरंगी पडद्याचा, बी८०० ते बीएफएफएफ रंगीत अक्षरांचा. सी००० पासून ३२ किलोबाइट बहुधा व्हीजीए कार्डाची रॉम. अगदी वर एफ००० ते एफएफएफएफ यंत्राची बायॉस. राहिला मधला सी८०० ते ईएफएफएफ हा पट्टा. तो १६० किलोबाइटांचा आहे आणि पुष्कळ यंत्रांत बराचसा रिकामा असतो.

रिकामा म्हणजे कसा? इथे बरेच जण गोंधळतात. तिथे पत्ते आहेत, पण त्या पत्त्यांवर मेमरीची चिपच नाही. दारावर पाटी आहे, आत जमीनच नाही. यंत्रात ८ मेगाबाइट मेमरी असली तरी ती एक मेगाबाइटच्या भिंतीपलीकडे, आणि डॉसला त्या भिंतीपलीकडचे दिसत नाही.

माळ्यावर फळ्या कोण टाकतो?

१९८५ साली इंटेलचा ८०३८६ आला आणि त्याने दोन युक्त्या आणल्या. एक, मेमरी चार-चार किलोबाइटांच्या पानांत तोडून कोणतेही पान कोणत्याही पत्त्यावर आणून बसवता येऊ लागले. दुसरी, जुन्या ८०८६ चे सोंग घेऊन प्रोग्रॅम चालवता येऊ लागले. या दोन्हींच्या जोरावर ईएमएम३८६ नावाचा प्रोग्रॅम भिंतीपलीकडची मेमरी उचलून माळ्यावरच्या रिकाम्या पत्त्यांवर फळ्यांसारखी टाकतो. त्या फळ्यांना अप्पर मेमरी ब्लॉक, म्हणजे यूएमबी, म्हणतात. मग माउस, कॅश, नेटवर्क असे सतत हजर असणारे, पण दिवाणखान्यात बसण्याची गरज नसलेले प्रोग्रॅम माळ्यावर चढवायचे आणि खालची जागा मोकळी करायची, एवढेच हे शास्त्र. बाजारात क्यूईएमएम, ३८६मॅक्स असे याहून हुशार सुतारही होते. डीआर-डॉसने हे १९९० मध्ये दिले. मायक्रोसॉफ्टने जून १९९१ च्या एमएस-डॉस ५.० मध्ये.

आणखी एक जागा आहे, तिची गंमत वेगळी. मुंबईच्या ब्लॉकमध्ये गॅलरी बंद करून खोली करतात ना, तशी. डॉसचा पत्ता दोन भागांत असतो, सेगमेंट आणि ऑफसेट. सेगमेंटला सोळाने गुणून ऑफसेट मिळवायचा. दोन्ही भाग कमाल घेतले तर उत्तर एक मेगाबाइटच्या पुढे ६५,५१९ पर्यंत जाते. ८०८८ ला एकविसावी तार नसल्याने तो पत्ता गोल फिरून शून्याजवळ येई. २८६ पासून ती तार, नाव ए२०, आली. ती चालू केली की भिंतीपलीकडचे ६५,५२० बाइट डॉसलाही दिसतात. हीच हाय मेमरी एरिया. हिमेम.सिस ही तार सांभाळतो आणि डॉस स्वतःचा बराचसा भाग तिथे हलवतो.

आधी पथ्य, मग औषध

यंत्र चालू करण्याआधी दोन गोष्टी. डिस्क बाहेर काढून आजच्या संगणकाला अ‍ॅडॅप्टरने जोडा आणि तिची पूर्ण प्रतिमा घ्या. पुढचे सगळे प्रयोग त्यानंतर. दुसरे, बायॉसची बॅटरी इतक्या वर्षांत गेलेली असते. डिस्कच्या लेबलवरचे सिलिंडर, हेड, सेक्टरचे आकडे कागदावर उतरवून ठेवा, ते पुन्हा भरावे लागतील.

मजकूर साध्या फाइलींत असेल तर काम इथेच संपले. १९९१ च्या इस्की या भारतीय मानकाप्रमाणे साठवलेला मराठी मजकूर असेल तरी फारशी अडचण नाही. पुण्याच्या सी-डॅकच्या जिस्ट कार्डामुळे ही पद्धत पुष्कळ ठिकाणी पोचली होती, आणि युनिकोडमधली देवनागरीची मांडणीही इस्कीच्याच आधीच्या, १९८८ च्या आवृत्तीवर बेतलेली आहे. त्यामुळे रूपांतर सोपे. पंचाईत होते ती प्रोग्रॅमने स्वतःची गुप्त पद्धत वापरली असेल तर. मग तो प्रोग्रॅम शेवटचा एकदा जिवंत करण्यावाचून गत्यंतर नसते. आजच्या संगणकावर डॉसबॉक्समध्ये चालला तर उत्तम. पण काही प्रोग्रॅम पोर्टला लावलेल्या डोंगलशिवाय उघडतच नाहीत, आणि ते कुलूप मूळ यंत्रावरच उघडते.

एका यंत्राची नाडीपरीक्षा

आमच्या गावातल्या एका काकूंकडे असेच यंत्र होते. काकांनी त्यावर डोंगलवाल्या मराठी प्रोग्रॅममध्ये तीनेकशे पाने लिहून ठेवली होती. काका आता नाहीत. प्रोग्रॅमला मजकूर दुसऱ्या रूपात देता येत नव्हता. तो फक्त छापत असे, आणि प्रिंटर केव्हाच गेलेला. उपाय एकच दिसला. नेटवर्क कार्ड घालायचे, प्रिंटरचा पोर्ट नेटवर्ककडे वळवायचा आणि छपाई विंडोज ९८ च्या दुसऱ्या यंत्रावर फाइलमध्ये पकडायची. म्हणजे नेटवर्क आणि प्रोग्रॅम दोघे एकाच वेळी मेमरीत हवे. प्रोग्रॅमची मागणी ५७० किलोबाइटांची.

पहिले औषध देण्याआधी नाडी पाहावी. एमएस-डॉस ६.२२ मध्ये ती 'मेम /सी /पी' या आज्ञेने पाहतात. कोण किती जागा खातो, खाली किती आणि वर किती, सगळे रकान्यांत दिसते. आकडे पूर्णांकात देतो. डॉस ६२, हिमेम १, अ‍ॅन्सी ४, कमांड.कॉम ५, माउस १७, स्मार्टड्राइव्ह २८, डॉसकी ४, नेटवर्क ५४. बेरीज १७५. ६४० मधून वजा जाता ४६५ मोकळे. मागणीपेक्षा १०५ कमी.

पायरी पहिली. कॉन्फिग.सिसमध्ये 'डॉस=हाय'. डॉस बंद गॅलरीत गेला. खाली ६२ ऐवजी १७ आणि कमांड.कॉम ५ ऐवजी ३. मोकळे ५१२. एका ओळीत ४७ किलोबाइट!

पायरी दुसरी. माळ्यावर फळ्या. कॉन्फिग.सिसच्या ओळी अशा झाल्या:

डिव्हाइस=सी:\डॉस\हिमेम.सिस
डिव्हाइस=सी:\डॉस\ईएमएम३८६.ईएक्सई नोईएमएस
डॉस=हाय,यूएमबी
डिव्हाइसहाय=सी:\डॉस\अ‍ॅन्सी.सिस

क्रम महत्त्वाचा. हिमेमशिवाय ईएमएम३८६ ला पलीकडची मेमरी मिळत नाही, आणि ईएमएम३८६ च्या आधी लिहिलेली डिव्हाइसहाय ओळ गुपचूप खालीच बसते. 'नोईएमएस' हा शब्दही समजून घ्या. एक्सपांडेड मेमरी हवी असेल तर माळ्यावरचे सलग ६४ किलोबाइट तिच्या खिडकीला द्यावे लागतात. ती मागणारा प्रोग्रॅम नसेल तर हा शब्द लिहून जागा वाचवावी. ईएमएम३८६ स्वतः खाली ३ किलोबाइट घेतो, म्हणून मोकळे ५०९. सुताराची मजुरी समजा.

यंत्र गोठते तेव्हा

यानंतर यंत्र नीट सुरू झाले, नेटवर्कचा ड्रायव्हरही तक्रार न करता चढला, आणि पहिला निरोप पाठवताक्षणी सगळे गोठले. हे या क्षेत्रातले सर्वांत ठरावीक दुखणे. काही नेटवर्क कार्डांची स्वतःची थोडी मेमरी असते आणि ती माळ्यावरच्या पत्त्यांवर दिसते; या कार्डाची डी००० पासून १६ किलोबाइट. पण ड्रायव्हरने जागे करेपर्यंत ती झोपलेली असते. ईएमएम३८६ आधी येऊन पाहणी करतो, त्याला जागा रिकामी दिसते, तो तिथे फळी टाकतो. मागून मालक ट्रंक घेऊन येतो.

उपाय म्हणजे ती जागा नाव घालून वगळणे. ईएमएम३८६ च्या ओळीत शेवटी 'एक्स=डी०००-डी३एफएफ'. कार्डाचा पत्ता माहीत नसेल तर कार्डाच्या सेटअप प्रोग्रॅममध्ये किंवा जंपरवर सापडतो. तोही नाही मिळाला तर दुभागणीची रीत वापरा. आधी 'एक्स=सी८००-ईएफएफएफ' लिहून सगळा पट्टा वगळा. गोठणे थांबले तर दोष याच पट्ट्यात आहे. मग अर्धा मोकळा करा, पुन्हा त्याचा अर्धा. चार-पाच फेऱ्यांत ट्रंक सापडते. सगळा पट्टा वगळूनही यंत्र गोठत असेल, तर पत्त्यांच्या मागे लागू नका. दोष दुसरीकडे आहे. स्कझी कार्ड असेल तर ते प्रोसेसरला बाजूला ठेवून मेमरीत थेट लिहिते आणि ईएमएम३८६ ने केलेली पत्त्यांची अदलाबदल त्याला कळत नाही. त्यासाठी स्मार्टड्राइव्हची 'डबल बफर' ओळ कॉन्फिग.सिसमध्ये लागते.

अशा प्रयोगांत यंत्र सुरूच होईनासे झाले तरी घाबरू नये. डॉस ६ पासून सुरुवातीच्या संदेशाच्या वेळी एफ५ दाबले की दोन्ही फाइली वगळून यंत्र उठते, आणि एफ८ दाबले की प्रत्येक ओळ विचारून घेते.

चढताना मोठा, बसल्यावर लहान

डी००० ते डी३एफएफ वगळल्यावर माळ्याचे दोन तुकडे झाले. सी८०० ते सीएफएफएफ ३२ किलोबाइटांचा, आणि डी४०० ते ईएफएफएफ ११२ किलोबाइटांचा. एकूण १४४. वर पाठवायचे सामान अ‍ॅन्सी, माउस, स्मार्टड्राइव्ह, डॉसकी, नेटवर्क मिळून १०७. हिशेब जमला. ऑटोएक्सेक.बॅटमध्ये प्रत्येकाच्या आधी 'लोडहाय' लिहिले, यंत्र पुन्हा सुरू केले, आणि मोकळी जागा आली ५६२. आठ किलोबाइटांनी हुकले!

मेम /सी ने कारण दाखवले. नेटवर्क खालीच बसले होते. लोडहायचा स्वभाव असा की वर जागा नसली तर तो बोलत नाही, मुकाट्याने खाली बसवतो. आणि जागा नव्हती, कारण पुष्कळ प्रोग्रॅम चढताना जितके मोठे असतात तितके बसल्यावर राहत नाहीत. सोफा जिन्यातून नेताना जी जागा लागते ती कोपऱ्यात ठेवल्यावर लागत नाही, तसेच. नेटवर्कच्या प्रोग्रॅमला बसल्यावर ५४ लागत, पण चढताना ९०. मोठ्या तुकड्यात अ‍ॅन्सीचे ४ आणि स्मार्टड्राइव्हचे २८ आधीच गेल्यामुळे उरले होते ८०.

उपाय फुकटचा होता. क्रम बदलायचा, सर्वांत मोठा सोफा आधी. अ‍ॅन्सीनंतर मोठ्या तुकड्यात १०८ उरतात, त्यात ९० चे नेटवर्क चढते आणि ५४ मध्ये बसते. उरलेल्या ५४ मध्ये स्मार्टड्राइव्ह, आणि छोट्या ३२ मध्ये माउस. मोकळी जागा ६१६. डॉस ६ बरोबर येणारा मेममेकर हीच जुळवाजुळव आपोआप करतो. पण झोपलेल्या कार्डाची जागा त्यालाही दिसेल याची खात्री नसते, म्हणून वगळण्याची ओळ आधी आपण घालावी आणि मग त्याला हाक मारावी.

जागा जास्त झाली म्हणून

आता प्रोग्रॅम उघडायला हवा होता. त्याऐवजी पडद्यावर आले, "पॅक्ड फाइल इज करप्ट". काकू शेजारी उभ्या होत्या. "खराब झालं का रे सगळं?" त्यांनी विचारले. हा संदेश वाचून अनेकांनी आशा सोडून यंत्र रद्दीत दिले असेल, म्हणून ठळक सांगतो, फाइल बहुधा ठणठणीत असते.

त्या काळी डिस्कवर जागा वाचवण्यासाठी प्रोग्रॅम एक्झेपॅकने घडी घालून ठेवत. ती घडी उलगडणारा जुना कोड असे धरून चालतो की पत्ता एक मेगाबाइटच्या पुढे गेला की गोल फिरून खाली येईल. एरवी याने काही बिघडत नाही. पण प्रोग्रॅम पहिल्या ६४ किलोबाइटांत बसला आणि ए२० तार चालू असली, तर पत्ता फिरत नाही, भलत्याच ठिकाणचे वाचले जाते आणि असा संदेश येतो. ६१६ मोकळे म्हणजे खाली फक्त २४ व्यापलेले, म्हणजे आमचा प्रोग्रॅम नेमका त्या ६४ च्या आत पडला. आधी ५६२ मोकळे असताना ७८ व्यापलेले होते. तेव्हा तक्रार "जागा कमी" एवढीच होती. आता जागा जास्त झाली म्हणून तक्रार!

डॉस ५ पासून यावर एक छोटी आज्ञा आहे, 'लोडफिक्स'. प्रोग्रॅमच्या नावाआधी ती लिहिली की पहिले ६४ किलोबाइट भरून टाकते आणि प्रोग्रॅम त्यावर बसतो. उरतात ५७६. मागणी ५७०. सहा किलोबाइट शिल्लक ठेवून प्रोग्रॅम उघडला. तीन संध्याकाळी लागल्या, पण तीनशे पानांची छपाई पलीकडच्या यंत्रावर चित्रांच्या रूपात उतरली. त्यांतली पहिली शंभर आता काकूंचा नातू युनिकोडमध्ये टंकतो आहे. त्याला मराठी वाचायला अडखळायला होते, म्हणून काकू वाचून दाखवतात.

आता करायचे काय?

थोडक्यात क्रम लक्षात ठेवा. आधी डिस्कची प्रतिमा. मग मेम /सी ने नाडी. डॉस गॅलरीत, फळ्या माळ्यावर, कार्डांची जागा वगळलेली, मोठे सामान आधी. प्रत्येक वेळी एकच बदल करा, यंत्र पुन्हा सुरू करा, आकडा वहीत लिहा. दोन बदल एकदम केले तर कुणामुळे बरे वाटले ते वैद्यालाही सांगता येत नाही. मूळचा एमएस-डॉस हाताशी नसेल तर फ्रीडॉस विनामूल्य मिळतो; त्यात जेईएमएम३८६ नावाचा सुतार आहे आणि एक्स= ही वगळण्याची भाषा त्यालाही कळते.

आणि हे या वर्षीच करा. डिस्कचे बेअरिंग, पॉवर सप्लायचे कपॅसिटर, डोंगलचे प्लास्टिक, सगळ्यांचेच वय झाले आहे. प्रोग्रॅमचा पासवर्ड ज्यांना आठवतो त्या मंडळींचेही. संक्रांतीच्या कार्यक्रमाला येताना यंत्र गाडीत टाकून आणा. मी स्क्रू ड्रायव्हर, अ‍ॅडॅप्टर आणि बूट होणाऱ्या फ्लॉपी घेऊन मागच्या खोलीत बसेन. तिळगूळ खालीच ठेवा, माळा आपण रिकामा करू.